एकसारखे वाटणारे इंग्रजी शब्द: गोंधळ सोडवायचा कसा

‘नेहमी चुकणारे शंभर इंग्रजी शब्द’ अशी यादी पाठ करायला घेतली की एक गंमत होते. वाचण्याआधी जोडीतला निदान एक शब्द तरी पक्का असतो, वाचून झाल्यावर दोन्ही डळमळतात. जोडीने पाठ केलेले शब्द डोक्यातही जोडीनेच राहतात. एक आठवायला जावं तर दुसरा बरोबर उठून येतो, आणि कोणता कुठला हे मात्र आठवत नाही. शब्दसंग्रह कसा वाढतो याचा अभ्यास करणारे पॉल नेशन यांनीही जवळचे नवे शब्द एकाच वेळी शिकण्यातला हा धोका दाखवून दिला आहे.

दुसरी अडचण अशी की या याद्या बहुधा इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांसाठी केलेल्या असतात. ती मंडळी भाषा आधी कानाने शिकतात आणि मग लिहायला लागतात, त्यामुळे त्यांचा घोळ स्पेलिंगचा असतो. आपल्यापैकी बहुतेकांचं इंग्रजी पुस्तकातून आलेलं असतं. ‘देअर’ची दोन स्पेलिंगं आपण बऱ्याचदा बरोबर लिहितो, पण ‘बाय’ आणि ‘अंटिल’मध्ये हमखास फसतो. ही जोडी त्या याद्यांत शोधूनही सापडत नाही.

म्हणून आधी स्वतःच्या चुका गोळा करायच्या, प्रत्येक चुकीचं कारण ओळखायचं आणि कारणानुसार उपाय करायचा.

पायरी १: चुकांची वही

दोन आठवडे नवा शब्द शिकू नका. तुम्ही लिहिलेले ईमेल, अर्ज, निबंध, चॅट पुन्हा वाचा, शक्य असेल तर जाणकाराकडून तपासून घ्या. चूक सापडली की वहीच्या डाव्या पानावर पूर्ण वाक्य जसंच्या तसं उतरवा आणि उजव्या पानावर दुरुस्त केलेलं वाक्य लिहा. नुसता शब्द लिहून भागत नाही. चूक का झाली हे बहुतेकदा शेजारच्या शब्दांवरून कळतं.

जिथे उत्तर बरोबर आलं पण लिहिताना हात थबकला, ती जागाही नोंदवा. तिथे आज नशिबाने बरोबर आलं असेल, उद्या येईलच असं नाही. पंधरा-वीस जोड्या जमल्या की थांबा. यापेक्षा जास्त एकदम हाताळता येत नाहीत.

पायरी २: कारण ओळखा

प्रत्येक जोडीसमोर एक खूण करा.

‘उ’ म्हणजे दोन्ही शब्दांचा उच्चार अगदी एक, फरक फक्त स्पेलिंगचा.
‘रू’ म्हणजे एकाच मुळाची दोन रूपं, एक नाम आणि एक क्रियापद.
‘का’ म्हणजे इंग्रजीत उच्चार वेगळे आहेत, पण आपल्या कानाला ते एक वाटतात.
‘म’ म्हणजे इंग्रजीत दोन शब्द, मराठीत मात्र एकच.

‘उ’ आणि ‘का’ यांत गल्लत होते. दोन्ही शब्द देवनागरीत सारखेच लिहिले जातात म्हणून उच्चार एक आहे असं धरून चालू नका. शिकणाऱ्यांसाठी केलेल्या एखाद्या ऑनलाइन शब्दकोशात दोन्ही उच्चार पाठोपाठ तीनदा ऐका. ‘फुल’ म्हणजे भरलेलं आणि ‘फूल’ म्हणजे मूर्ख, हे आपण बोलताना जवळजवळ सारखंच म्हणतो, पण इंग्रजीत पहिला स्वर आखूड आणि ढिला, दुसरा लांब आणि ओठ आवळून. ही जोडी ‘का’ची.

शब्दकोश निवडताना साध्या इंग्रजी–मराठी कोशावर थांबू नका. शिकणाऱ्यांच्या कोशात व्याख्या मोजक्या शब्दांत असतात (१९७८ साली निघालेल्या लाँगमनच्या कोशाने त्या सुमारे २००० शब्दांत बसवल्या होत्या) आणि प्रत्येक अर्थाला पूर्ण वाक्य दिलेलं असतं. आपल्याला हवं असतं ते वाक्यच.

‘उ’ गट: कानाचा उपयोग नाही, चाचणी लावा

इंग्रजीत एकाच उच्चाराचे इतके शब्द का, याचं एक मोठं कारण ऐतिहासिक आहे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ च्या सुमाराला इंग्लंडमध्ये छापखाना आणला. पुढे स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं, उच्चार मात्र बदलत राहिले. ‘नाइट’ म्हणजे रात्र आणि ‘नाइट’ म्हणजे शिलेदार यांतल्या दुसऱ्या शब्दाच्या सुरुवातीचा ‘के’ एकेकाळी खरोखर उच्चारला जाई. जसं ऐकू येतं तसं लिहायची सवय असलेल्या मराठी माणसाने इथे कानावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.

‘इट्स’चं पाहा. चाचणी एकच: त्या जागी ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ घालून वाक्य मोठ्याने वाचा. बसलं तर ॲपॉस्ट्रॉफी द्यायची, नाही बसलं तर नाही. हीच चाचणी ‘यू आर’ आणि ‘हू इज’ यांच्या जोड्यांनाही चालते. चूक होते ती नामांच्या सवयीमुळे. नामाला मालकी दाखवताना ॲपॉस्ट्रॉफी लागते, म्हणून हात इथेही ती देतो. पण ‘हिज’, ‘अवर्स’, ‘देअर्स’ या मालकी दाखवणाऱ्या सर्वनामांपैकी कुणालाच ती नाही, हे लक्षात घेतलं की ‘इट्स’ वेगळं पाठ करावं लागत नाही. सतराव्या शतकात इंग्रज लेखक स्वतःच मालकीच्या ‘इट्स’ला ती सर्रास लावत, तेव्हा चुकलं तर फार लाजायला नको.

जिथे अशी चाचणी नाही तिथे खूण बांधावी लागते. इंग्रजी खुणा उधार घेण्यापेक्षा मराठी खूण जास्त टिकते. ‘स्टेशनरी’च्या शेवटी ए-आर-वाय असेल तर अर्थ ‘अचल’, म्हणजे न हलणारं. ए आणि अ. ई-आर-वाय असेल तर कागद-पेन. दोन्हींचं मूळ एकच, कारण फिरत्या विक्रेत्यांहून वेगळा, एका जागी दुकान मांडून बसणारा पुस्तकविक्रेता म्हणजे ‘स्टेशनर’. ‘प्रिन्सिपल’लाही हीच युक्ती चालते: शेवटी ए-एल म्हणजे ‘अव्वल’, मग ती संस्थेतली मुख्य व्यक्ती असो, मुख्य कारण असो किंवा कर्जाची मुद्दल. एल-ई असेल तर तत्त्व. ‘कॉम्प्लिमेंट’मध्ये मधे ई असेल तर ‘कम्प्लीट’शी नातं, म्हणजे पूरक, आय असेल तर प्रशंसा.

खूण जोडीतल्या एकाच शब्दाला बांधा. दोन्हींना बांधली की आठवड्याभरात खुणांचीच अदलाबदल होते. आणि खूण वापरण्याआधी ती दुसऱ्या शब्दालाही लागू पडत नाही ना, हे तपासा. ‘ॲफेक्ट म्हणजे असर’ ही खूण ऐकायला झकास, पण निकामी, कारण ‘इफेक्ट’ म्हणजेही असरच.

‘रू’ गट: नाम की क्रियापद, एवढंच विचारा

‘ॲफेक्ट’ हे क्रियापद, ‘इफेक्ट’ हे नाम. वाक्यात रिकाम्या जागेआधी काय आहे ते बघा. ‘द’, ‘ॲन’, ‘नो’, ‘एनी’ किंवा एखादं विशेषण असेल तर ‘इफेक्ट’. ‘विल’, ‘कॅन’, ‘मे’, ‘डझन्ट’ असेल तर ‘ॲफेक्ट’. अपवाद दोन आहेत. ‘इफेक्ट’ क्रियापद म्हणून आलं तर अर्थ ‘घडवून आणणं’, आणि मानसशास्त्रात ‘ॲफेक्ट’ नाम म्हणून भावस्थितीसाठी येतं. वाचताना ते ओळखता आले की पुरे. पहिलं वर्षभर स्वतः लिहिताना वापरू नका.

‘ॲडव्हाइस’ आणि ‘ॲडव्हाइझ’ यांत कान कामी येतो. नामाचा शेवट ‘स’ने होतो, स्पेलिंग सी-ई. क्रियापदाचा शेवट घुमणाऱ्या आवाजाने होतो, स्पेलिंग एस-ई. हा घुमणारा आवाज ‘जाड’, ‘जवळ’ यांतल्या ‘ज’च्या जवळचा, ‘जीव’मधल्या ‘ज’चा नव्हे. फक्त जीभ वर टेकवायची नाही, हवा सलग जाऊ द्यायची. ‘डिव्हाइस’ची जोडीही अशीच. ही एक जोडी पक्की झाली की तिच्या जिवावर ‘प्रॅक्टिस’ आणि ‘लायसन्स’ सुटतात: उच्चार एकच, पण ब्रिटिश लेखनात नामाला सी आणि क्रियापदाला एस. अमेरिकन लेखनात ‘प्रॅक्टिस’ दोन्हीकडे सीने आणि ‘लायसन्स’ दोन्हीकडे एसने लिहितात. म्हणून आधी आपण कोणतं इंग्रजी लिहिणार ते ठरवा आणि संगणकावर लेखनाची भाषा तीच निवडा. नाहीतर बरोबर शब्दाखाली लाल रेघ येते आणि आपण तो बिघडवून ठेवतो.

नाम-क्रियापदाची नसली तरी ‘स’–‘झ’चाच फरक असलेली आणखी एक जोडी इथेच घ्या. हरवणं या अर्थाचा ‘लूझ’ एका ओने लिहायचा आणि सैल या अर्थाचा ‘लूस’ दोन ओंनी. चूक का होते? ‘लूझ’चा स्वर लांब आहे आणि त्याचा यमकबंधू ‘चूझ’ दोन ओंनी लिहितात, त्यामुळे हात आपोआप दुसरा ओ टाकतो. दोष आपल्या तर्काचा नाही, स्पेलिंगचाच. हा शब्द ‘लॉस्ट’सोबत लिहून सराव करा, तिथेही ओ एकच. दहा वेळा नाही, दहा वेगवेगळ्या वाक्यांत.

‘का’ गट: आधी ऐकणं, मग बोलणं

मराठीतला ‘व’ इंग्रजीतल्या व्ही आणि डब्ल्यूच्या मधोमध पडतो. ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम आणि ‘व्हेस्ट’ म्हणजे बनियन आपल्या तोंडून एकसारखे निघतात ते म्हणून. व्हीसाठी वरचे दात खालच्या ओठाला हलके टेकवा आणि आवाज काढा, ओठाला गुदगुल्या झाल्या पाहिजेत. डब्ल्यूसाठी दात लांब ठेवायचे, ‘उ’ म्हणायला करतो तसे ओठ गोल करून पुढच्या स्वरावर यायचं. लिहिताना आपण व्हीसाठी ‘व्ह’ वापरतो खरा, पण बोलताना त्यातला ‘ह’ आणू नका. इंग्रजी व्हीमध्ये तो नाही.

असेच घोटाळे ‘पेन–पॅन’, ‘कोट–कॉट’, ‘लिव्ह–लीव्ह’, ‘टिन–थिन’ यांत होतात. सराव सोपा आहे. कागदावर एका जोडीचे दोन शब्द १ आणि २ म्हणून लिहा. मित्राने किंवा शब्दकोशातल्या आवाजाने ते उलटसुलट क्रमाने दहा वेळा म्हणावेत, तुम्ही फक्त आकडा लिहायचा. दहापैकी आठ बरोबर येईपर्यंत बोलण्याचा सराव सुरू करू नका. जो फरक कानाला कळत नाही तो तोंडातून येत नाही, आणि स्वतःचं ऐकून दुरुस्तीही करता येत नाही.

‘म’ गट: खरी मेख इथे आहे

या गटातल्या चुका स्पेलिंग तपासून सापडत नाहीत आणि समोरचा सहसा दाखवतही नाही. तो फक्त वेगळं काहीतरी समजतो.

‘पर्यंत’ घ्या. ‘सहा वाजेपर्यंत अहवाल पाठवतो’ आणि ‘सहा वाजेपर्यंत ऑफिसात आहे’ ही दोन्ही वाक्यं मराठीत बिनतक्रार चालतात. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय सिक्स’ आणि दुसऱ्याला ‘अंटिल सिक्स’. ‘आय विल सेंड द रिपोर्ट अंटिल सिक्स’ म्हटलं तर सहा वाजेस्तोवर तुम्ही तोच अहवाल पुन्हा पुन्हा पाठवत बसणार, असा अर्थ होतो. चाचणी मराठीतच करा. ‘पर्यंत’ काढून ‘च्या आत’ घाला. ‘सहाच्या आत पाठवतो’ हे बसतं, म्हणून ‘बाय’. ‘सहाच्या आत ऑफिसात आहे’ हे विचित्र वाटतं, म्हणून ‘अंटिल’.

नकारात मात्र जपून. ‘सहा वाजेपर्यंत तो आला नाही’ याची इंग्रजीत दोन वाक्यं होतात. ‘ही डिडन्ट कम अंटिल सिक्स’ म्हणजे तो आला, पण सहाला. ‘ही हॅडन्ट कम बाय सिक्स’ म्हणजे सहा वाजले तरी त्याचा पत्ता नव्हता. पुढे आला की नाही, ते वाक्य सांगत नाही.

‘पासून’चं दुखणं तसंच. ‘सोमवारपासून’ आणि ‘तीन वर्षांपासून’ दोन्हींना आपण एकच प्रत्यय लावतो. इंग्रजी मात्र विचारतं: हा सुरुवातीचा बिंदू आहे की लांबी? सोमवार, सकाळ, २०१९ हे बिंदू, तिथे ‘सिन्स’. तीन वर्षं, दोन तास ही लांबी, तिथे ‘फॉर’. इथे आणखी एक खड्डा आहे. मराठीत ‘काम करतोय’ म्हणतो, म्हणून ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स’ असं वाक्य निघतं, आणि त्यात एक नाही, दोन चुका आहेत. बरोबर वाक्य: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स’. शब्द सुधारून काळ तसाच ठेवला तर अर्धंच काम झालं.

‘सावली’चं सोपं आहे: जिच्यात बसता येतं ती ‘शेड’, जिचा आकार दिसतो ती ‘शॅडो’.

उलट काही जोड्यांत मराठी आपल्याला मदत करते, पण आपण ती घेत नाही. ‘सी’ म्हणजे दिसणं, ‘लुक’ म्हणजे बघणं. ‘हिअर’ म्हणजे ऐकू येणं, ‘लिसन’ म्हणजे कान देऊन ऐकणं, आणि त्याला पुढे ‘टू’ लागतं. ‘रिमेंबर’ म्हणजे आठवणं, ‘रिमाइंड’ म्हणजे आठवण करून देणं. ‘बॉरो’ म्हणजे उसनं घेणं, ‘लेंड’ म्हणजे उसनं देणं. हे अर्थ वहीत ‘पाहणे’, ‘ऐकणे’, ‘उसने’ असे अर्धवट न लिहिता पूर्ण लिहिले की बरंचसं काम तिथेच होतं.

‘राइझ–रेझ’ आणि ‘लाय–ले’ या जोड्यांची किल्लीही मराठी व्याकरणात आहे. शिकणं आणि शिकवणं, बसणं आणि बसवणं, ही प्रयोजक क्रियापदं आपण शाळेत शिकलो. ‘राइझ’ म्हणजे चढणं आणि ‘रेझ’ म्हणजे चढवणं. ‘लाय’ म्हणजे पडून राहणं आणि ‘ले’ म्हणजे आडवं ठेवणं. प्रयोजक असेल तर कर्म लागणारच: काय चढवलं, काय ठेवलं? या प्रश्नाला वाक्यात उत्तर नसेल तर पहिला शब्द घ्या.

‘लाय’ तरीही छळतो, कारण त्याचा भूतकाळ ‘ले’ असाच होतो. ‘लाय, ले, लेन’ ही पडून राहण्याची रूपं. ‘ले, लेड, लेड’ ही ठेवण्याची. आणि खोटं बोलण्याच्या ‘लाय’ची ‘लाय, लाइड, लाइड’. तिन्ही ओळी एकाच दिवशी पाठ करायला बसू नका. ‘आय ले इन बेड ऑल डे येस्टरडे’ हे एक वाक्य घ्या आणि आठवडाभर तेवढंच म्हणा.

पायरी ३: कार्ड, एका वेळी एकच शब्द

जोडीतला जो शब्द तुम्हाला जास्त लागतो तो आधी घ्या. दुसरा दहा दिवस बाजूला ठेवा. कार्ड असं करा:

पुढची बाजू: ‘मी परत येईपर्यंत इथेच थांब. वेट हिअर ——— आय कम बॅक.’
मागची बाजू: ‘अंटिल’, खाली पूर्ण इंग्रजी वाक्य आणि त्याखाली स्वतः रचलेलं आणखी एक.

कार्डावर ‘बाय’चं नावही नको. पुढच्या बाजूला दोन पर्याय लिहून त्यांतून निवडायची सवय लावली तर निवड जमते, आठवणं जमत नाही; आणि प्रत्यक्ष लिहिताना पर्याय कुणी पुढे ठेवत नाही.

उजळणी पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउसने १८८५ साली स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवलं की विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो, नंतर मंदावतो. पहिल्या दोन उजळण्या जवळजवळ ठेवायच्या त्या याचसाठी. कार्ड चुकलं की ते पुन्हा पहिल्या दिवसावर जातं, मग ते पंधराव्या दिवशी का चुकलेलं असेना. इथे बहुतेक जण स्वतःला सूट देतात आणि म्हणून महिन्याभराने पुन्हा तिथेच अडखळतात. एका वेळी चारच शब्द चालू ठेवा, रोज दहा मिनिटं.

दुसरा शब्द पक्का झाल्यावरच दोन्हींची मिसळ करा: सहा रिकाम्या जागा, क्रम विस्कटलेला, आणि प्रत्येक उत्तरापुढे तोच शब्द कशासाठी निवडला, हे मराठीत चार शब्दांत.

पायरी ४: पाठवण्याआधीची झडती

स्पेलिंग तपासनीस कोशात नसलेला शब्द पकडतो. चुकीच्या जागी आलेला बरोबर शब्द त्याला सहसा दिसत नाही. व्याकरण तपासणारी साधनं यातलं बरंच पकडतात, पण कधी कधी बरोबर वाक्यालाही खोट काढतात, तेव्हा सुचवणी कारण कळल्याशिवाय स्वीकारू नका.

त्याऐवजी मजकुरात शोध घ्या. वहीतले तुमचे सर्वांत हट्टी सहा शब्द एका चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवा. मजकूर पूर्ण झाला की ‘फाइंड’मध्ये एकेक शब्द टाका आणि प्रत्येक ठिकाणी त्याची चाचणी लावा: ‘इट्स’ला ‘इट इज’, ‘अंटिल’ला ‘च्या आत’, ‘सिन्स’ला बिंदू की लांबी. जोडीतले दोन्ही शब्द शोधा. ‘अंटिल’ बरोबर असेल, पण ‘बाय’च्या जागीही चूक लपलेली असू शकते. एका पानाला तीन-चार मिनिटं लागतात.

तिसाव्या दिवसाची उजळणी पार पडली आणि लागोपाठ तीन मजकुरांच्या झडतीत तो शब्द चुकला नाही, तर कार्ड फाडून टाका आणि चिठ्ठीवर त्याच्या जागी वहीतला पुढचा शब्द लिहा. फाडलेला शब्द पुन्हा चुकला तर नवं कार्ड करा, पण जुनं वाक्य घेऊ नका. आता ज्या वाक्यात चुकला तेच घ्या.